येसूबाईचा उजवा हात

"हात लावा की! आमचा शेरू काय करत न्हाय!"

दारात कुणीही आलं की महादेवप्पांचं हे बोलणं ठरलेलं. सोलापुरात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं, मागं घर. अनोळखी माणूस आपल्या दांडग्या कुत्र्याला भीत भीत कुरवाळतो, हे पाहून त्यांची छाती फुगे. मागच्याच महिन्यात शेरूनं पोस्टमनच्या पोटरीला दात लावले होते. "खेळत होता," म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पत्नी जगदेवी तेवढी म्हणाली, "खेळताना दात रुतत न्हाईत."

१९७४ सालचा उन्हाळा. विडी कारखान्यात विड्या देऊन परतताना विड्या वळणारी येसूबाई पाणी मागायला दुकानाच्या पायरीशी थांबली. शेरू उठला. अंग ताठ, घशात गुरगुर.

"मला भ्या वाटतं, अण्णा."

"माझं कुत्रं मला ठाऊक न्हाय व्हय? ठेव हात!"

एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? तिनं हात पुढं केला आणि दुसऱ्याच क्षणी किंकाळी फोडली! उजव्या हाताची बोटं रक्तानं भरली.

महादेवप्पा आणि जगदेवी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम धुता धुता विचारलं, "हे कुत्रं आधी कुणाला चावलंय?"

"न्हाय," महादेवप्पा पटकन बोलून गेले. "बाईचाच पाय पडला असंल शेपटीवर."



"रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर थांबवू. आजारी पडलं तर लगेच कळवा."

त्या दिवसापासून महादेवप्पांचं कशात चित्त लागेना. तासातासाला ते शेरूपुढं पाणी ठेवत, पितो का पाहत. तोंडातून लाळ गळाली की पिसाळला की काय म्हणून वाकून वाकून बघत. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाले, "दहा दिवस झाले की महापालिकेच्या कुत्री धरणाऱ्यांना देऊन टाकतो. ही ब्यादच नको!"

जगदेवी ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्याची काय चूक? गुरगुरून त्यानं सांगितलं, जवळ येऊ नका. भ्या वाटतं म्हणून त्या बाईनंबी सांगितलं. तुमी दोघांचंबी ऐकलं न्हाई. आणि दवाखान्यात खोटं कोण बोललं? कुत्रं का तुमी?"

रात्रभर महादेवप्पा कूस बदलत राहिले.

सकाळी दवाखान्यात रांग होती. सगळ्यांदेखत ते डॉक्टरांपुढं उभे राहिले. "मी खोटं बोललो, साहेब! कुत्रं आधी पोस्टमनला चावलंय. बाईंनी काही केलं न्हाय. मीच त्यांना हात लावायला लावला!"

पुढं रोज ते स्वतः टांग्यानं येसूबाईला दवाखान्यात नेत. आतून तिचं कण्हणं ऐकू आलं की बाकावरून उठून येरझाऱ्या घालत.

दहा दिवसांनी शेरू धडधाकट होता. इंजेक्शनं थांबली. पण येसूबाईचं एक बोट वाकेना. विडीचं पान कापता येई, पण विडी वळता येईना.

"मला माफ करा, बाई," महादेवप्पांनी हात जोडले.

"कुत्र्यावर राग न्हाई माझा," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर इस्वास ठेवला, त्याचं वाईट वाटतं."

हे ऐकून त्यांची मान खाली गेली. मग ते म्हणाले, "आमच्या दुकानात कामाला या. पेंड तोलून द्यायची."

"यीन. पण आधी त्या कुत्र्याला आडोसा करा."

त्याच दिवशी महादेवप्पांनी सुतार बोलावला आणि अंगणाला जाळीचं दार बसवून घेतलं.

बंधू-भगिनींनो, मुकं जनावर आपल्यापुरतं खरं सांगत असतं. ते काय करील याची खात्री त्याच्या मालकालाही देता येत नाही. म्हणून आपल्या हौशीपायी दुसऱ्याला हात पुढं करायला लावू नये. आणि समोरचा "भीती वाटते" म्हणाला, तर त्याला हसू नये. त्याचं ऐकावं!