बातमीच्या खाली

शाळेच्या मोठ्या बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "तुमचं नाव टाकलं की सगळ्यात आधी हे येतं."

ते तिला माहीत नव्हतं थोडंच. 'चालक महिलेच्या बेफिकिरीने शाळेची बस भिंतीवर', त्याखाली तिचं पूर्ण नाव, आणि त्याखाली एका बाजूने चेपलेल्या बसचा फोटो. शाळेतली मुलं जिला लाडाने बसबाई म्हणायची, तिला बाकीचं जग ओळखायचं ते या एका पानावरून.

खरी हकिगत वेगळी होती. उतारावर ब्रेक लागेना, आणि खाली चौक माणसांनी भरलेला. विचार करायला जेवढा वेळ होता तेवढ्यात तिने विचार केला आणि बस कडेच्या दगडी भिंतीला घासत नेऊन थांबवली. एका मुलाचा हात मोडला, काहींना टाके पडले, तिचं स्वतःचं खांद्याचं हाड गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरने तिला बेफिकीर ठरवून टाकलं. पुढे चौकशी झाली. ब्रेकचा पाइप गंजून फुटला होता आणि मालकाने दुरुस्तीची टाळाटाळ केली होती, हे उघड झालं, आणि कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. तीही बातमी आली म्हणा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात, चष्मा लावून शोधावी लागेल अशी. वेबसाइटवर टाकायला मात्र कुणाला सवड झाली नाही. बोंब ठोकायला सगळे पुढे आणि निस्तरायची वेळ आली की सगळ्यांना कामं निघतात, ही जगाची जुनीच खोड.

"निकाल मी वाचलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्या एकटीच्या हातात असतं तर बसची किल्ली आत्ता दिली असती. पण पालक निकाल वाचत नाहीत. मोबाइलवर नाव टाकतात. हे पान वर असेपर्यंत मी त्यांच्यापुढे तुमची बाजू कशी मांडू? शाळा उघडायच्या आत काही होतंय का बघा. नाहीतर मला दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल."

"होईल," ती म्हणाली. कसं होईल याचा तिला पत्ता नव्हता.

अपघातानंतर ती बेकरीची गाडी चालवत होती. काम वाईट नव्हतं. पण पाव खिडकीच्या जागेसाठी भांडत नाहीत, बेसूर गाणी म्हणत नाहीत, उतरताना 'बसबाई, टाटा' करत नाहीत. मागे एवढी शांतता घेऊन गाडी चालवायची तिला सवय नव्हती आणि ती लावून घ्यायचीही नव्हती. तिला तिची बस परत हवी होती.

"त्या पानाच्या नादी लागू नकोस," नवरा म्हणाला. तो इलेक्ट्रिशियन; जगातली निम्मी संकटं नको तिथे हात घातल्यामुळे येतात, असं त्याचं ठाम मत. "उकरून काढशील आणि पुन्हा चर्चा सुरू होईल."

"थांबलीय कधी ती, सुरू व्हायला?"

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत टॅब्लेटवर बोट फिरवत बसले होते. जन्मभर त्यांनी एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून औषधाच्या बाटल्या भरल्या. निवृत्तीनंतर मुलाने टॅब्लेट आणून दिला, तेव्हापासून ते दिवसभर पत्ते खेळतात असा घरातल्यांचा समज होता. अपघाताविषयी त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. एवढंच नाही, त्यानंतर एकदा सोडलं तर ते तिच्या गाडीतही बसले नव्हते. डॉक्टरांकडे जायचं तरी काठी टेकत पायी निघायचे. ती गाडी काढू का म्हणाली की, "नको, पाय मोकळे होतात." तिने त्यातून काढायचा तो अर्थ काढला होता. कोर्टाने सोडलं, घरच्या कोर्टाने नाही. पेपरातल्या शब्दांपेक्षा हे तिला जास्त लागलं होतं, आणि ते ती कुणाजवळ बोलली नव्हती.

तिने आधी पेपरचं ऑफिस गाठलं. संपादक म्हणजे कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा टेबलावर शोधणारा गृहस्थ.

"बाई, छापलेली बातमी आम्ही काढत नसतो. उद्या प्रत्येक जण येऊन आपापली काढा म्हणेल."

"मग काढू नका. निकाल त्यात जोडा आणि माझं नाव तेवढं काढा. बस भिंतीवर गेली हे खरं आहे, ते राहू दे. बेफिकीर मी नव्हते."

संपादकाने बघतो म्हटलं. बघतो म्हणजे काय हे तिलाही कळत होतं, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. नंतरही जात राहिली. बेकरीची फेरी संपली की पांढरा एप्रन तसाच अंगावर ठेवून ती त्या बाकावर येऊन बसायची. आरडाओरडा नाही, रडारड नाही. संपादक जेवायला निघाला की ती म्हणायची, "जेवून या सावकाश, मी आहे." अशी खनपटीला बसली की शेवटी त्यानेच हात टेकले. तिच्यासमोर बातमी उघडली, मथळ्यातली बेफिकिरी काढली, नाव काढलं, निकाल जोडला.

"तुम्ही बस कशी थांबवली असेल ते आलं लक्षात," तो म्हणाला.

तिला वाटलं, जिंकलं. पण सर्चमध्ये नाव टाकल्यावर जुना मथळा जिथल्या तिथे. सर्चवाल्यांकडे पानाची जुनी नक्कल असते आणि ती बदलायला त्यांना वेगळं कळवावं लागतं, हे तिला तेव्हा समजलं. तसा अर्ज त्यांच्या साइटवरच होता. पानाचा पत्ता द्या, आणि पूर्वी त्या पानावर असलेला, आता नसलेला एक शब्द द्या. तिने शब्दाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं, विनंती नाकारली. दिलेला शब्द पानावर अजून आहे.

तिचं डोकंच फिरलं. संपादकाने तोंडाला पानं पुसली असं म्हणत तिने त्याला फोन लावला आणि बरंच काही सुनावलं. त्याने निमूट ऐकून घेतलं.

"तुमच्या देखत काढलं ना नाव? आम्ही लिहिलेल्या बातमीत ते आता नाहीच. तुम्ही खाली बघितलंत का?"

"खाली म्हणजे?"

"बातमीच्या खाली. वाचकांच्या कॉमेंट. तिथे कुणीतरी तुमचं नाव सारखं लिहितंय, या आठवड्यातसुद्धा लिहिलंय. पान मागे पडत नाही ते त्यामुळेही असेल. ज्याने लिहिलं त्यालाच काढायला सांगा. वाचकांचं आम्ही कापायला लागलो की आमच्यावर मोर्चा येतो."

खाली तिने कधीच बघितलं नव्हतं. बातमी आली त्या दिवशी पहिली कॉमेंट वाचली होती, 'अशा बायकांना तुरुंगात सडवा', आणि कानाला खडा लावला होता. पान कितीदा उघडलं असेल, पण बोट फोटोपाशी थांबायचं. आता थांबून चालणार नव्हतं. बेकरीची गाडी रस्त्याच्या कडेला लावली, दार आतून बंद केलं आणि ती फोटोच्या खाली उतरली.

शिव्या होत्याच. मात्र शिव्या देणाऱ्यांनी नाव घ्यायचेही कष्ट घेतले नव्हते. त्यांचं 'ही बाई' एवढ्यावर भागलं होतं. नाव लिहिणारा एकच होता, 'एक वाचक'. प्रत्येक शिवीखाली त्याचं उत्तर, आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात तिच्या नावाने, नवऱ्याच्या नावाने आणि आडनावाने. कोण हा हात धुऊन मागे लागलेला मेला, म्हणून ती पुढे वाचू लागली.

'...यांच्याविषयी. ब्रेकचा पाइप गंजलेला होता हे चौकशीत सिद्ध झाले आहे. सदर महिलेने बस भिंतीला लावली नसती तर चौकात काय झाले असते याचा विचार करावा. जेवणानंतर शांतपणे वाचावे. राग न उतरल्यास पुन्हा वाचावे.'

तिने ते परत वाचलं. जेवणानंतर वाचावे, असं लिहिणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असू शकत होता. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. खूप रडली. मग एप्रनने तोंड पुसलं आणि उरलेले पाव आधी पोचवून मग घरी गेली.

सासरे खुर्चीतच होते.

"बाबा," ती म्हणाली, "हा पत्त्यांचा डाव कधीपासून चाललाय तुमचा?"

त्यांनी तिच्या मोबाइलकडे बघितलं. चोरून साखर खाताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"खोटं काही लिहिलं नाही मी," ते म्हणाले.

"पण दर वेळी पूर्ण नाव कशाला?"

"मग कळणार कसं कुणाविषयी आहे ते? बाटलीवर पूर्ण नाव नसलं की एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात जातं. उभ्या नोकरीत मी कधी अशी चूक होऊ दिली नाही."

तिने त्यांच्याशेजारी स्टूल ओढलं आणि सगळं समजावून सांगितलं. मोठ्या बाईंचं म्हणणं, संपादक, अर्ज, नकार. पान तिच्या नावाशी आता कशाने बांधलेलं आहे तेही सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"तुम्ही माझ्यासाठीच केलंत. पण आता ते काढायला हवं."

"नाही काढणार." काठी जमिनीवर आपटली. "माझं काढलं तर खाली काय राहील? नुसत्या शिव्या. बघणारा म्हणेल, हिच्या बाजूने बोलायला एक माणूस नव्हता."

"राहू देत शिव्या. त्यात माझं नाव नाही."

आता ती थांबली नाही, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने बोलून टाकलं.

"बघणाऱ्याचं सोडा, बाबा. मलाच वाटत होतं की माझ्या बाजूने घरात तुम्ही नाही. माझ्या गाडीत बसत नाही तुम्ही."

"हाड जुळल्यावर पहिल्यांदा गाडी काढलीस, आठवतं? मी मागे होतो. आरशात मी दिसलो की तुझे हात थरथरायचे. म्हटलं, आपलं ओझं नको हिच्यावर."

"मग सांगायचं ना तसं."

"तू कुठे विचारलंस?"

दोघांनीही इतकी वर्षं तोंडात गुळणी धरली होती आणि मधल्या मधे तो इलेक्ट्रिशियन, घरात सगळं ठीक आहे असं समजून सुखाने जेवत होता.

काढायचं ठरल्यावर म्हाताऱ्याने एकच अट घातली. प्रत्येक कॉमेंट आधी मोठ्याने वाचणार, मग पुसणार. औषध ओतून टाकायचं तरी आधी लेबल वाचून ओततात, म्हणे. ती कबूल झाली. जेवणं आटोपली, नवराही येऊन बसला, आणि वाचन सुरू झालं. कुणाला त्यांनी गंज कसा चढतो ते समजावलं होतं, कुणाला ती लहान मुलांना उतरवताना रस्ता दोन्हीकडे कसा बघायची ते. एकाला नुसतंच 'तोंड आवरावे. ढवळून घ्यावे' असं लिहिलं होतं, त्यावर नवरा पोट धरून हसला. वाचून झालं की ते बटण दाबायचे, आणि ते वाक्य जायचं. जे जगासाठी लिहिलं होतं ते शेवटी तिनेच ऐकलं.

एक मात्र लेबलासारखी नव्हती. ती वाचताना त्यांनी घसा खाकरला.

"'ही माझी सून आहे. तिच्या गाडीत मी डोळे मिटून बसेन.'"

त्यांचं बोट बटणावर अडखळलं.

"दाबा, बाबा," ती म्हणाली. "ऐकलं मी."

त्यांनी दाबलं.

अर्ज तिने नव्याने केला. पत्ता तोच, शब्द तोच. या वेळी सर्चवाल्यांना त्या पानावर तिचं नाव कुठेच सापडलं नाही, आणि विनंती मान्य झाल्याचं उत्तर आलं. मोठ्या बाईंनी स्वतः नाव टाकून बघितलं. सगळ्यात आधी आली ती त्याच नावाची कुणी दातांची डॉक्टर, मग एक पोहण्याच्या शर्यती जिंकणारी. त्यांनी आणखी खाली, मग पुढच्या पानावर जाऊन बघितलं. बस कुठेच नव्हती.

"पालकांना अपघाताचं मी स्वतः सांगेन, निकालासकट," बाई म्हणाल्या. "लपवायचं काही नाही."

"लपवू नकाच," ती म्हणाली. "फक्त पहिलं तेच नको." बाईंनी किल्ली पुढे केली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रिकामी बस रस्त्यावरून फिरवून आणायची होती. ती बस घेऊन शाळेच्या फाटकाशी पोचली तर सासरे आधीच काठी टेकून उभे. ते पायरी चढले आणि खिशातून डिंकाची बाटली आणि कागदाची पट्टी काढली. चालकाचं नाव लावायची चौकट तिच्या डोक्यावर रिकामी होती. तिथे त्यांनी पट्टी डकवली. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, बाटलीवर लिहायचे त्याच सुवाच्य अक्षरात.

"हे काढायला सांगू नकोस," ते म्हणाले आणि बरोबर तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

तिने ब्रेक दोनदा दाबून बघितला. तोच उतार घेतला, त्याच भिंतीजवळून गेली, चौकात सिग्नलला थांबली. तिथे तिने पहिल्यांदा आरशात बघायचं धाडस केलं. सासऱ्यांनी डोळे मिटले होते. तोंड उघडं पडलं होतं आणि ते चक्क घोरत होते. तिने स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघितलं. हात स्थिर होते. सिग्नल हिरवा झाला तशी तिने बस पुढे काढली, जरा सावकाशच, म्हाताऱ्याची झोप मोडू नये म्हणून.