ठाण्याहून आणलेली बाटली

माझी बायको थेरेसा बाळंतपणात गेली. मूलही गेलं. गावाला एवढंच ठाऊक आहे.

आमच्यात बाळंतिणीला ऊब यावी म्हणून दारू पाजतात, अंगाला चोळतात. पूर्वी ती घरोघरी काढलेली असायची. सरकारने घरच्या भट्ट्या बंद केल्यापासून ठाण्याच्या गुत्त्यावरून आणावी लागे. थेरेसाचे हातपाय गार पडू लागले तशी रखमाबाई सुईण म्हणाली, "मिंगेल, पळ. बाटली आण." मी पळालो. परत येताना माजिवड्याच्या अलीकडे रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर दम खायला बसलो आणि एक घोट घेतला. उठलो तेव्हा बाटली रिकामी होती. घरी पोचून मी ती पायरीवर फोडली आणि हातातून सुटली म्हणून सांगितलं.

आतून थेरेसाने विचारलं, "काच लागली नाय ना तुमाला?"

त्यानंतर ती बोलली नाही.

पुढे दोन वर्षं मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. मिठागरातून काढून टाकलं तेव्हा मेहुणी व्हिक्टोरिया मला हाताला धरून पाद्रीबाबांकडे सोडून आली. माजिवड्याच्या पुढे एका पडक्या मठाच्या तीन खोल्या शाकारून त्यांनी दारुड्यांसाठी घर केलं होतं. सहा महिने बाहेर पडायचं नाही. पहाटे प्रार्थना, दिवसभर मळ्यात काम, संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळ. तेर्स झाला की प्रत्येकाने आपण कुठे कुठे घसरलो ते सगळ्यांसमोर सांगायचं.

मी मारामाऱ्या सांगितल्या. विकलेली भांडी सांगितली. ही गोष्ट सांगितली नाही. पाद्रीबाबा प्रार्थनेत म्हणायचे, "प्रभू, आमच्या अंगात बळ नाही." ते मला फार बरं वाटायचं. मला थांबताच आलं नसतं, तर दोष कुणाचा?

पण थेरेसा यायची. दिसायची नाही. भर दुपारी विहिरीवर पोहरा सोडला की पाठीमागून विचारायची, काच लागली नाय ना? मी दोर सोडून तळवे बघायचो. स्वयंपाक करणारा फिलिप एकदा म्हणाला, "काय रे, हातावर नशीब उगवलं का?" मी हसलो. ती हसली नाही.

पाचव्या महिन्यात धोंडीबा आला. रेल्वेच्या फाटकावर कामाला होता. त्याच्या जातवाल्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, म्हणून पाद्रीबाबांनी आणला. दारू एकदम तुटल्यामुळे तिसऱ्या दिवशी तो थरथरायला लागला, मग थरथर थांबली आणि अंग गार पडलं. डॉक्टर बघून गेले. चमचा चमचा ब्रँडी द्या, नाहीतर हा संध्याकाळ बघत नाही, असं म्हणाले आणि ठाण्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली.

पाद्रीबाबा धोंडीबाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी फिलिपकडे पाहिलं.

"मला पाठवा की," फिलिप म्हणाला. "पण मग मला आणायला दुसरा माणूस पाठवा. आणि बाटली आणायला तिसरा."

"मिंगेल, तू जा."

"मला नाही जमणार, बाबा."

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले. "पण हा माझा हात सोडत नाही. जा."

मी गेलो. ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत ठीक होतं. दवाखान्यात कंपाउंडरने बाटली कागदात गुंडाळून दिली. परत वळलो आणि मागे श्वास ऐकू यायला लागला. कळा देणाऱ्या बाईचा असतो तसा, तुटक. मी भरभर चाललो की तोही भरभर. ऊन लख्ख होतं, रस्त्यावर गवताच्या गाड्या होत्या, एका गाडीवाल्याने मला बस म्हटलं. मी मागे बोट दाखवून म्हणालो, आम्ही दोघं आहोत. त्याने मागे बघितलं आणि बैल हाकले.

मोरी आली. मी बसलो. बसायचं नव्हतं, तरी बसलो. कागद सोडला, दातांनी बूच काढलं. वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं. श्वास अगदी कानाशी आला. मला वाटलं, आता ही नको म्हणेल. तिने अडवलं तर बरं. पण ती काही म्हणाली नाही. जिवंतपणीही तिने मला कधी अडवलं नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

मी बूच परत लावलं, वरून अंगठा दाबून धरला आणि उठून चालायला लागलो. एवढंच. हात धरायला कुणी देवदूत आला नाही.

बाटली पोचली. पाद्रीबाबांनी उजेडाकडे धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. दिवे लागेपर्यंत आम्ही धोंडीबाला चमच्याने पाजत होतो. त्याच्या पायात ऊब आली. डोळे उघडून त्याने पहिली शिवी फिलिपला दिली.

"वाचला," फिलिप म्हणाला आणि डोळे पुसत पेज करायला उठला.

पाद्रीबाबा म्हणाले, "बघ मिंगेल, जमलं तुला."

ते प्रेमाने म्हणाले होते. मी मात्र हातातला चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तेव्हाही जमलं असतं," मी म्हणालो.

"तेव्हा म्हणजे?"

सांगितलं. मोरी, पायरी, थेरेसाने काय विचारलं ते, सगळं. फिलिप दारात वाडगा घेऊन उभा राहिला. पाद्रीबाबांनी धोंडीबाचं पांघरूण सारखं केलं. प्रभू क्षमा करतो असं ते म्हणतील, असं मला वाटलं होतं. पुढे ते म्हणालेही, पण त्या संध्याकाळी नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "व्हिक्टोरियाला ठाऊक आहे?"

"नाही."

"तिची बहीण होती."

"हो."

सकाळी फाटक उघडून त्यांनी मला बाहेर सोडलं. सहा महिने व्हायचे होते. गावाच्या वाटेला लागलो तेव्हा मागे काहीच ऐकू येत नव्हतं. व्हिक्टोरिया अंगणात सुकट वाळत घालत होती. मला बघून ती खुश झाली. म्हणाली, "सुटलास रे?"

मी म्हटलं, "आधी बस. मग विचार."