रिकाम्या खाचा

दुरुस्तीवालीला एक खोड होती. हातानं जे करायचं, ते तोंडानं मोठ्यानं बोलायचं. काम शिकवणाऱ्या मामानंच ती लावली होती. बोलत राहिलं की एकही पायरी सुटत नाही म्हणे. बारा वर्षांत तिची पायरी कधी सुटली नव्हती. त्या सकाळी मात्र याच खोडीनं घात केला.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुकादमानं तिला घरी बोलावलं होतं. कॉम्प्युटर चालू होत नव्हता. कॅबिनेटला बुटाच्या टोकाएवढा पोचा पडला होता.

"दोन लाथा घातल्या, तरी ढिम्म," असं म्हणून मुकादमानं दाराला आतून कडी घातली आणि तो खुर्चीत बसला. कडी कशाला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण समोर बिघडलेलं यंत्र दिसलं की हिला दुसरं काही सुचतच नसे.

"बटण दाबलं. पंखा फिरतोय. तीन लांब बीप. स्क्रीन काळी," ती बोलत गेली. "केबल काढली. झाकण उघडलं. रॅमच्या दोन्ही खाचा रिकाम्या. पट्टी कुणीतरी काढून घेतलीय, म्हणून हा चालू होत नाही."

स्वयंपाकघराच्या दारात मुकादमाची बायको उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुरुस्तीवालीला सगळं कळलं, पण आता काय उपयोग!

मुकादम शांतपणे उठला. "बघा मॅडम, ही कुणाला तरी पत्रं लिहिते. पळून कुठं जायचं, कुणाकडे राहायचं, सगळं यात आहे. मला फक्त तो पत्ता हवाय." आणि तितक्याच शांतपणे त्यानं बायकोच्या तोंडावर ठोसा घातला.

ती भिंतीवर आपटली. "कुठंय पट्टी?" तिनं बँडेज बांधलेलं डावं मनगट पदराआड घेतलं. त्यानं तिच्या उजव्या हाताची करंगळी मागे वाकवली. काडकन आवाज आला. मग शेजारचं बोट. दुरुस्तीवाली मध्ये पडली, तर तिला त्यानं टेबलावर आदळलं. शेवटी बायकोच्या मनगटावरचं बँडेज त्यानं टराटरा फाडलं. आत हिरवी पट्टी होती. त्याखालची जखमही त्याचीच, हे सांगायला नकोच.

"बसव," तो म्हणाला. मॅडमपण संपलं होतं.

"पट्टी बसवली," दुरुस्तीवाली म्हणाली. "झाकण लावलं." बोलता बोलता तिचं बोट कॅबिनेटच्या मागच्या लाल खटक्यावर गेलं. दोनशे तीस व्होल्टवरून तो एकशे पंधरावर सरकवला की पॉवर सप्लायचा जीव जातो. तिनं सरकवला, आणि हे मात्र ती बोलली नाही. "केबल लावली."

भिंतीवरचं बटण मुकादमानंच दाबलं. फाडकन स्फोट झाला, ठिणग्या उडाल्या, जळका धूर पसरला. दुसऱ्याच क्षणी त्याचे दोन्ही हात दुरुस्तीवालीच्या गळ्याभोवती होते.

"मुद्दाम केलंस!"

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग धप्प आवाज झाला आणि पकड सुटली. टेबलाखालचा यूपीएस, तो जडशीळ बॅटरीवाला डबा, बायकोनं मोडक्या बोटांनिशी उचलून त्याच्या डोक्यात घातला होता. तो गुडघ्यांवर आला. तिनं आणखी एकदा घातला.

"पत्रं कशात असतात?" तिनं धापा टाकत विचारलं.

"हार्ड डिस्कमध्ये. ती बहुतेक वाचली असेल."

"काढा."

चार स्क्रू होते. तिसऱ्या स्क्रूला मुकादमानं जमिनीवरूनच बायकोचा घोटा धरला. तिनं दुसऱ्या पायाची टाच त्याच्या बोटांवर ठेवली आणि सगळा भार दिला. तो गुरासारखा ओरडला. दोघी डिस्क घेऊन बाहेर पडल्या.

जिन्यात दुरुस्तीवालीला रडू फुटलं. "ताई, चुकलं माझं. मी गप्प बसले असते तर..."

"तर उद्या दुपारी मी गुपचूप निघाले असते." बायकोनं ओठावरचं रक्त पुसलं आणि सुजत चाललेल्या दोन बोटांकडे पाहिलं. "ज्यांना पत्रं लिहीत होते, त्या बाई मला शिवणकामावर घेणार होत्या."

दुरुस्तीवालीनं आधाराला हात पुढे केला. बायकोनं तो धरला नाही. डिस्क छातीशी धरून ती एकेक पायरी उतरत गेली.