काउंटरवर राहिलेलं गाणं

मी बोलतोय. दचकू नका, कुणाचा फोन आलेला नाही. मी स्वतःच बोलतोय, बटणांचा जुना मोबाइल. माझा पाचाचा आकडा पुसला गेलाय, मागचं झाकण रबर लावून धरून ठेवलंय, आणि मनात एक गोष्ट अशी रुतून बसलीय की ती सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. फोनने खरं तर काय करावं? वाजावं आणि दोन माणसांचं बोलणं करून द्यावं. पण आमच्या पोटात टॉर्च कोंबला, गजर कोंबला, बेरीज-वजाबाकी कोंबली, एक खेळ कोंबला, आणि वर गाणी वाजवायची सोयही केली. कार्डाची खाच मात्र रिकामीच ठेवली. म्हणजे गळा दिला, गाणं दिलं नाही.

मला विकत घेतलं एका इस्त्रीवाल्यांनी. दुकान एवढंसं. पुढे काउंटर, मागे भिंतीशी इस्त्रीचं टेबल, त्यावर जाड ब्लँकेट आणि वर चादर. टेबलाच्या एका बाजूला मालक उभे राहून इस्त्री करायचे, दुसऱ्या बाजूला त्यांची आई स्टुलावर बसून घड्या घालायच्या. मालकीणबाई घरोघरचे कपडे आणायच्या, पोचवायच्या. माझ्यावर दिवसभर एकच फोन यायचा, "कपडे झाले का?" आणि मालकांचं उत्तर ठरलेलं, "झालेच, शेवटचा शर्ट चाललाय." तेव्हा त्या गिऱ्हाइकाचं गाठोडं सोडलेलंही नसायचं.

आईंना जवळजवळ दिसत नव्हतं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण बोटं अशी तयार की शर्टाची कॉलर चाचपली की घडी झालीच म्हणून समजा. तापलेली इस्त्री हातभर अंतरावर फिरत असायची आणि ही बाई निर्धास्त. कारण मालक गुणगुणायचे. सुराशी त्यांचं उभं वैर, पण तोंड बंद म्हणून नाही. गुणगुणणं टेबलाशी ऐकू येतंय, म्हणजे इस्त्री चालू आहे, हात आपल्या बाजूला ठेवायचे. गुणगुणणं काउंटरकडे गेलं, म्हणजे इस्त्री भिंतीवरच्या फळीवर गेली, टेबल मोकळं. मग आई उठून चादर सारखी करायच्या, पाण्याचा शिपका मारायच्या. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. मायलेकांचं आपलं चालत आलं होतं.

एकदा एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "काय हो, गाणं येत नाही तर कशाला छळता लोकांना?" मालकही हसले. मालकीणबाईंना मात्र ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन मोबाइलवाल्याकडे गेल्या.

"ताई, याला नुसता बोलायला वापरता?" तो म्हणाला. "म्हणजे गाडी घ्यायची आणि ढकलत न्यायची. कार्ड घाला, दिवसभर गाईल."

"भरा मग जुनी गाणी," बाई म्हणाल्या. "दिवसभर उभे असतात हो ते. तेवढाच विरंगुळा."

मनात वाकडं काही नव्हतं त्यांच्या. वाकडं माझ्या मनात शिरलं. कार्ड बसलं, पहिलं गाणं सुटलं, आणि मी असा शेफारलो की विचारू नका. गिऱ्हाइकं काउंटरवर रेंगाळायला लागली. मालक पहिले काही दिवस माझ्याबरोबर गायचे. पुढे नुसते ओठ हलवायला लागले. मग तेही थांबलं.

"तू हल्ली का रे गात नाहीस?" आईंनी विचारलं.

"याच्यापुढे माझं काय, आई."

"हं," म्हणून त्यांनी पुढचा शर्ट ओढला. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आईंनी नवी खूण धरली. मालक मला जवळ बाळगायचे. टेबलाशी असले की टेबलाच्या कडेला ठेवायचे, गिऱ्हाईक आलं की काउंटरवर न्यायचे. तेव्हा गाणं जिथे, तिथे आपला मुलगा, असं त्यांच्या कानाने मानून घेतलं.

त्या दिवशी पँट न्यायला एक जण आला. मालकांनी इस्त्री फळीवर ठेवली आणि मला काउंटरवर आणलं. गिऱ्हाईक गेलं, मालक परत टेबलाशी गेले. मी काउंटरवरच राहिलो. त्यांनी इस्त्री फळीवरून काढली, एक बाही केली, तेवढ्यात शर्टाचं बटण तुटून खाली पडलं. इस्त्री टेबलावर ठेवून ते बटण शोधायला वाकले. तोंडातून आवाज नाही. आणि इकडे मी काउंटरवरून, छाती भरून, दुसरं कडवं गात होतो.

आई उठल्या. टेबल मोकळं आहे असं समजून चादर सारखी करायला त्यांनी उजवा हात पुढे केला, तो थेट इस्त्रीवर पडला.

त्या कळवळल्या, आणि मी गात राहिलो. मालक पाणी शोधत होते, मग्गा हातातून निसटत होता, बाई धावत आल्या, आणि मी गात राहिलो. ते गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तेही नाचायचं. शेवटी बाईंनी माझं झाकण उचकटून बॅटरीच बाहेर काढली. त्यांनी आणखी आधी काढायला हवी होती.

घरात मग जो तो दोष स्वतःकडे घ्यायला लागला. मालक म्हणायचे, माझं चुकलं. बाई म्हणायच्या, गाणी मी भरली. मला कुणी काहीच म्हणालं नाही. काउंटरच्या खणात सुया-बटणांत टाकलं, फोन आला की काढायचे, बोलायचे, परत खणात.

हात भरून आला. पण मालकांनी आईंना दुकानात येऊ देणं बंद केलं. "तू आता घरी आराम कर," म्हणाले. घड्या ते स्वतः घालायला लागले, आणि घड्या वाकड्या यायच्या.

मग एका सकाळी आई सुनेचा दंड धरून दुकानात हजर.

"आई, तुला सांगितलं होतं ना," मालक म्हणाले.

"भाजलं ते भरून आलं, रे. घरी बसवलंस ते कशाने भरून येणार?" त्या म्हणाल्या. "तो फोन कुठाय? लाव त्याचं गाणं."

"नको ना, आई," सून म्हणाली.

"लाव म्हणते ना."

सुनेने मला खणातून काढलं. मी एक ओळ म्हटली. आईंनी मला हातात घेतलं, चाचपडत बटण दाबलं आणि मला गप्प केलं.

"आता पुढची ओळ तू म्हण," त्या मुलाला म्हणाल्या.

"मला नाही जमत, आई."

"बेसूर जमतं ना? तेच म्हण. हा सुरात गातो, पण तू कुठे आहेस ते याला सांगता येत नाही."

मालक टेबलाशी गेले आणि त्यांनी सुरुवात केली. आवाज फाटला, मध्ये हुंदका आला, सूर तर कुठच्या कुठे गेला. आईंनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं, पायाने स्टूल ओढलं, आपल्या बाजूला बसल्या आणि हात पुढे केले. "आण शर्ट," म्हणाल्या.

तेव्हापासून हाच आमचा रिवाज. दुकान उघडलं की आई मला लावतात, एक ओळ होऊ देतात आणि बंद करतात. पुढचं दिवसभर मालक बघतात. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत. माझ्याकडे आता पुन्हा तेवढंच काम, "कपडे झाले का?"

तुमच्या फोनमध्ये गाणी असतील, खुशाल वाजवा. फक्त तुमच्या आवाजावर कुणी विसंबलेलं असेल तर अधूनमधून फोनला बंद करा. आम्हाला आपणहून थांबता येत नाही.

आईंच्या त्या तळहाताची कातडी आता गुळगुळीत झालीय. रोज सकाळी तोच हात माझ्या बटणावर येतो. रोज मी ठरवतो, आज तरी "चुकलो" म्हणायचं. आणि तोंड उघडलं की गाण्याचीच ओळ बाहेर पडते.