अध्यक्षांचा पांढराशुभ्र सदरा

मी धुतलेल्या काचेवर माशी बसली तर घसरून तिचा पाय मोडायचा. खोटं वाटत असेल तर आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही लंगड्या माशीला विचारा. एकेचाळीस वर्षं मी तिथं नळ्या आणि चंबू धुतले. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीनं पुन्हा गेलो, मोरीपाशी उभा राहिलो, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग मीही ती गोष्ट कुणाच्या लक्षात आणून दिली नाही.

माझ्या मोरीच्या बरोबर डोक्यावर भाचीची खोली. तिला मी काजळी म्हणतो. रंगावरून नव्हे, ती अष्टौप्रहर कार्बनच्या मागे असते म्हणून. दोन पुड्या पाण्यात कालवायच्या, पोलादी डब्यात कोंडायच्या आणि डबा दहा तास भट्टीत ठेवायचा. बाहेर येतं ते कोऱ्या चहासारखं पाणी. त्यात कार्बनचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत दहा हजार ओळीनं बसतील आणि वर पाय पसरतील. या कणांच्या पाठीवर ती औषध लादते. कण निरोगी पेशीच्या दारावरून पुढं जातात, गाठीच्या पेशीत शिरतात, औषध तिथं उतरवतात, आणि दिवा धरला की चमकून सांगतात, रोग इथं आहे. हमाल आणि चुगलखोर एकाच अंगात.

सहा वर्षं तिनं यात घातली. मग समिती बघायला आली. तीन नळ्या मांडल्या: एकीत गाठीच्या पेशी, एकीत निरोगी, दोन्ही कण पाजलेल्या, एक रिकामी. जांभळा दिवा लावला. चमकायला हवी होती पहिली. चमकल्या तिन्ही. रिकामी तर सगळ्यात जास्त.

अध्यक्ष हसले. "रिकाम्या नळीलाही रोग आहे वाटतं. बाई, हे संशोधन नाही, दिवाबत्ती आहे."

नळ्यांवर समितीची चिकटपट्टी लावून त्या शीतकपाटात ठेवल्या गेल्या. आठ दिवसांनी दुपारी तीन वाजता पुन्हा बैठक, आणि तिनं एका पत्रावर सही करायची: माझे निष्कर्ष चुकीचे होते, काम बंद करत आहे. सही झाली की कण, पेशी, वह्या, सगळं भंगारात.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी धुतलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन वर गेलो. काजळी पडदे ओढून जांभळ्या दिव्यासमोर बसली होती. मी पुढं झालो आणि ती एकदम म्हणाली, "मामा, हलू नका."

मी खाली पाहिलं. माझा अॅप्रन निळा पेटला होता, नव्या ट्यूबलाइटसारखा.

"कशात धुतलात हा?"

"कपड्यांच्या पावडरमध्ये. पांढरा निघतो."

"आणि नळ्या?"

इथं माझी जीभ जरा जड झाली. महिन्यापूर्वी प्रयोगशाळेचा साबण संपला. मागणी केली तर फॉर्म भरा म्हणाले. मी घरून पावडर आणली. एवढंच केलं असतं तरी निभावलं असतं, पण मला चकाकीचा सोस. शेवटची बुचकळी पावडरच्या पाण्यात मारायची आणि न विसळता वाळवायचं, ही माझी स्वतःची युक्ती. कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरमध्ये जे घालतात, ते जांभळ्या दिव्यात निळं चमकतं. सहा वर्षांच्या कामावर मी माझ्या हातानं चकाकी चढवली होती.

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडेल. तिनं माझ्या हातातला ट्रे घेऊन बाजूला ठेवला.

"मामा, मी तुमचं नाव घेणार नाही. तुमच्या नोकरीचा प्रश्न येईल." माझी निवृत्ती तिच्याही लक्षात आली नव्हती.

"तू नको घेऊस. माझं नाव मला घेता येतं. तुझे कण आणि माझी पावडर वेगळी ओळखता येते का, तेवढं सांग."

तिनं खण उघडला. "पावडर फक्त जांभळ्यात पेटते. माझे कण हिरव्या दिव्यातही पेटतात, लाल. वरून ही लाल काच डोळ्यांपुढं धरायची, म्हणजे हिरवा अडतो आणि लाल तेवढा दिसतो."

"मग सही कसली करतेस?"

"करणार नव्हतेच," ती म्हणाली. "पण पुरावा नव्हता."

तीन वाजता मी ट्रे घेऊन तिच्या मागोमाग आत गेलो. अध्यक्ष, त्यांच्या शेजारी चष्मेवाल्या तपासनीस बाई, ज्यांच्या शेऱ्याशिवाय कुठलंही काम बंद होत नाही, आणि डुलकी घेणारे दोघं.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"ज्याच्यामुळं रिकामी नळी चमकली तो," मी म्हणालो, आणि पावडरीची कथा न लाजता सांगितली.

"छान. आठ दिवसांनी धुण्याचं निमित्त सापडलं," अध्यक्ष म्हणाले. "बाई, पत्र समोर आहे. सही करा."

"करत नाही," काजळी म्हणाली. "मामा, पडदे."

मी पडदे ओढले, तिनं जांभळा दिवा लावला. अध्यक्षांचा सदरा भडकला. कॉलर, बाह्या, खिशातला रुमाल. खुर्चीवर जणू निळं भूत बसलं होतं. डुलकीवाले दचकून जागे झाले, तर तेही पेटलेले. अध्यक्षांचे दात मात्र काळे ठिक्कर दिसले. खरे दात या दिव्यात चमकतात. कवळीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "नळीला जो रोग, तोच तुमच्या सदऱ्याला. सदरा बंद करायचा का?"

"बसा खाली," ते म्हणाले.

"एकेचाळीस वर्षं उभ्यानं काम केलंय. आता कशाला बसू?"

काजळीनं शीतकपाटातल्या त्याच तीन नळ्या मांडल्या. तपासनीस बाईंनी चिकटपट्टी तपासली, आपल्या हातानं काढली. मग हिरवा दिवा लागला. सदरे विझले. लाल काच बाईंनी डोळ्यांपुढं धरली. रिकामी नळी काळी. निरोगी काळी. गाठीची नळी निखाऱ्यासारखी लाल.

बाईंनी काच अध्यक्षांकडं सरकवली. त्यांनी ती बोटं न लावता परत सरकवली. बाईंनी पुन्हा पुढं केली. या वेळी त्यांना घ्यावी लागली.

"काम चालू राहील," बाई म्हणाल्या. "नव्या नळ्या, दुसऱ्या कुणीतरी धुतलेल्या, आणि प्रयोग पुन्हा माझ्यासमोर."

"उद्याच करते," काजळी म्हणाली.

"आणि या माणसाला आजच्या आज काढून टाका," अध्यक्ष म्हणाले.

"काढायला आधी ठेवायला लागतं, साहेब. मी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालोय. कागद तुमच्याच सहीचा आहे."

तपासनीस बाई पहिल्यांदाच हसल्या.

टेबलावर ते पत्र पडलं होतं. जाता जाता काजळीनं ते उचललं आणि जांभळा दिवा पुन्हा लावून त्याखाली धरलं. पांढरा कागद निळा धडधडून पेटला.

"बघा," ती म्हणाली, "यालाही लागण झालीय," आणि पत्र न फाडता, नीट घडी घालून, अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवलं.

मी खाली येऊन नळ सोडला. पावडरीचा डबा उचलून घरी न्यायच्या पिशवीत टाकला, आणि साबणाचा तो फॉर्म एकदाचा भरला. हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं: मामा.