दादाच्या खोलीतला आकडा

माझं काम हवा मोजायचं. कारखान्याच्या फाटकाशी, पेट्रोल पंपावर, छापखान्यामागं मीटर घेऊन उभं राहायचं. रंग, थिनर, पेट्रोल यांची वाफ उडते ना, ती नाकाच्या आधी मीटरला कळते. शाळा फार झाली नाही, पण आकडा वाचता येतो.

माझा थोरला भाऊ घराच्या मागच्या खोलीत फर्निचरला स्प्रेनं पॉलिश मारायचा. तीस वर्षं. छातीनंच गेला, त्याला दोन वर्षं झाली. आता माझी पोरगी तान्ह्या लेकीला घेऊन राहायला येणार, म्हणून खोली घासूनपुसून चुना मारला. तरी मन मानेना. आठवडाभर तिथं मीटर लावून ठेवलं.

रात्रभर शून्य. सकाळी नवाच्या ठोक्याला आकडा चढायचा. एक वाजता धाडकन खाली, दोनला परत वर, सहाला शून्य. रोज अस्संच. रविवारी दिवसभर शून्य.

लॅबच्या मॅडमना कागद दाखवला.

"काका, ऊन पडलं की भिंतीत मुरलेलं थिनर बाहेर येतं."

"आणि एक ते दोन ऊन जेवायला जातं का?"

मॅडम हसल्या. मग कागद ओढून घेऊन रविवारचा रकाना परत बघितला.

घरी बायको म्हणाली, "भावजी कामाला सुट्टी देतील तर शपथ. हट्टी मेले!" आणि तिनंच जीभ चावली.

पोरगी यायच्या दिवशी नऊला पाच कमी असताना मी त्या खोलीत उभा राहिलो. म्हटलं, "दादा, पुरे आता. तुझी नात येतेय. काम ठेव, बाहेर ये, बघ तिला."

नऊ वाजले. शून्य. सव्वानऊ. शून्य. डोळे भरून आले माझे.

पोरगी आली. बाळाला पुढच्या खोलीत पलंगावर ठेवलं, खिडक्या सताड उघड्या. मीटर माझ्या हातातच होतं. दहा. वीस. चाळीस. पलंगाजवळ नेलं तर शंभर. बाळ वर टक लावून बघत होतं, कुणीतरी वाकल्यासारखं. मग बारीकसं खोकलं.

मीच बोलावलं होतं ना त्याला!

मी बाळाच्या पुढं आडवा आलो. "दादा, लांबून रे. दारातून बघ."

"बाबा, कुणाशी बोलताय?"

आकडा उतरायला लागला. हळूहळू, जिवावर आल्यासारखा. पाचवर आला. मी मीटर घेऊन दाराशी गेलो.

तिथं नव्वद.