कडीचा रुपया

हंबीरराव सुभेदार पेन्शनीवर घरी आले आणि त्यांचं डोकं फिरलं, असं गावाचं ठाम मत झालं. दुसरं काय म्हणायचं हो? आख्खी नोकरी जमिनीतले सुरुंग हुडकण्यात घातली, आणि आता हा भला माणूस कानाला हेडफोन लावून, लांब दांड्याचं यंत्र हलवत कृष्णेच्या काठानं जुनी नाणी शोधत फिरायचा. "सुभेदार, हंडा गावला का?" अशी चेष्टा व्हायची. गावायचं काय, तर एखादी शिवराई, नाहीतर बाटलीचं झाकण. पण गडी खूश. रोज आधी वाकून कृष्णामाईला हात जोडायचे, मगच यंत्र चालू करायचे.

एका सकाळी लीलाबाई वाटेत आडवी आली. दोन वर्षांमागं तिचा लेक वीरधवल सुट्टी संपवून पलटणीत गेला आणि बर्फात त्यांची गाडी दरीत कोसळली. तेव्हापासून बाई नदीवर फिरकली नव्हती.

"भावजी, तुमचं यंत्र माजा रुपया काढंल का?"

"कसला रुपया, वयनी?"

"राजाछाप. सासूबाईंचा, कडी लावल्याला. वीरला घालवाया मी सांगली स्टेशनापतुर गेल्ते. एस्टी पुलावर आली तवा खिडकीतनं कृष्णामाईला वाहिला. म्हनलं, माज्या लेकराला सांबाळ. पदराची गाठच सुटंना, जीव नुसता खालीवर झाला. पर टाकला. तिनं घेतला आन सांबाळलं न्हाई. मग ठिवून कशापायी घ्यायचा? माजा मला परत पायजे."

नदीला दिलेलं परत मागायचं, असलं कधी कुणी ऐकलं होतं का! पण वीरधवलला भरतीआधी सरावासाठी बांधाबांधानं पळवलं होतं ते हंबीररावांनीच. नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

उन्हाळ्यानं पात्र आटलं होतं. पुलाखालची वाळू त्यांनी वीत-वीत चाळली. लोकांनी वाहिलेली नाणी ढिगानं लागली. प्रत्येकामागं कुणाचं तरी मागणं असणार, म्हणून ती पुन्हा वाळूत दाबून ठेवायचे. लीलाबाई रोज येऊन खाली बसायची, पाण्याकडं पाठ करून.

एकदा दमून ते सांगलीच्या बाजूचा काठ चढले, म्हटलं लिंबाखाली जरा टेकावं. यंत्र चालूच होतं. घाणेरीच्या झुडपापाशी ते किंचाळलं. माती उकरली, तर काळा पडलेला रुपया. कडीसकट!

आनंदानं हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नदी खाली कितीतरी लांब होती. गेल्या दोन पावसाळ्यांत पाणी इथवर चढलंच नव्हतं. म्हणजे गाठ सुटेतोवर एस्टीनं पात्र ओलांडलं होतं. रुपया कृष्णामाईला पोचलाच नव्हता.

आता हे त्या माउलीला सांगायचं कोणत्या तोंडानं? उरलेला जन्म ती त्या गाठीला आणि आपल्या हाताला शिव्या देत काढणार.

मग ते उठले. लीलाबाईला दिसणार नाही अशा बेतानं खाली उतरले, रुपया पाण्यात बुडवला, कडीत ओली वाळू भरली आणि तिच्या हातावर ठेवला.

बाईनं कडी चाचपली. बोटांनी ओळखली.

"कुटं गावला?"

"मदल्या खांबाखाली. लय खोल."

"पान्यात?"

"व्हय. ऐन धारंत."

"काठावर न्हवं? खरं सांगा भावजी. वीरची आन हाय तुमास्नी."

"वीरची आन, वयनी. धारंतच गावला."

बाईनं केवढा तरी श्वास सोडला. "मला वाटायचं, रुपया काठालाच पडला. मीच माज्या लेकराला मारलं, आसं वाटायचं वो." आणि ती ढसाढसा रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती पाण्याकडं वळली. वाळूची मूठ भरून तिनं नदीवर भिरकावली. "भवाने! घेतला व्हतास की गं! घेऊन बी माजं लेकरू गिळलंस! वाटूळं हुईल तुजं!"

रुपया मुठीत आवळून ती घराकडं निघून गेली.

मग ते पाण्यात उतरले. हात जोडले, पण नजर वर होईना.

"माई, तुला कायबी मिळालं न्हवतं, मला ठावं हाय," ते म्हणाले. "पर तू सोस. तिला न्हाई सोसायचं."